धुरपताची अक्षरे

१

देवकाबाईंचा दिवस घड्याळापेक्षा देवघराच्या तंत्राने चाले. पहाटे सडा, सूर्योदयाला पूजा, मग पोथीचा एक अध्याय, अकराला नैवेद्य. आणि जेवणानंतर घटकाभर पाठ टेकून झाली की दुपारी ठीक दोनला त्या ओसरीलगतच्या खोलीत येत. खिडकीपाशी टेबल होते. टेबलावर पुण्याच्या लेकीने, अस्मिताने, आपला वापरून झाल्यावर पाठवलेला जुना लॅपटॉप होता. त्याच्या कळांवर देवकाबाईंनी मराठी अक्षरांच्या कागदी चकत्या डिंकाने चिकटवल्या होत्या. चौतीस वर्षे पहिलीचा वर्ग शिकवलेल्या बाईला कोणतीही वस्तू अक्षरावाचून बोडकी दिसे.

दोनची वेळ धुरपताची होती. केळझरच्या गणपतीच्या पायऱ्यांशी ती दूर्वा आणि हार विकत बसे. भर दुपारी देवळात शुकशुकाट झाला की टोपली झाकून ती देवकाबाईंकडे येई, भिंतीला टेकून बसे, आणि डोळे मिटून आपली पदे सांगू लागे. तिला अक्षर ओळखता येत नव्हते. पण पदे तिला झऱ्यासारखी सुचत. ती सांगे, देवकाबाई टंकित करत. चार वर्षांत एकशे त्रेचाळीस पदे झाली. मागच्या वैशाखात कावीळ होऊन धुरपता गेली. आता तिचे वर्षश्राद्ध बारा दिवसांवर आले होते. त्या दिवशी पदांचे छापील पुस्तक तिच्या फोटोपुढे ठेवण्याचा शब्द देवकाबाईंनी तिच्या नवऱ्याला, तानबाला, दिला होता. वर्ध्याच्या छापखान्याला शनिवारपर्यंत फाइल हवी होती.

आणि नेमका त्याच वेळी लॅपटॉप कुरकुरू लागला. सुरू व्हायला पाव तास घेई, आतून कट् कट् असा आवाज येई. सेलूला संगणक-दुरुस्तीचे दुकान चालवणारा भूपेंद्र हा त्यांचा पहिलीतला विद्यार्थी. आता त्याच्याही कानशिलांवर पांढरे आले होते. त्याने मशीन कानाशी धरले आणि मान हलवली.

"हार्ड डिस्क चालली, बाई. हिच्यात तबकडी फिरते, जुन्या ग्रामोफोनसारखी. आता नवीन टाकून देतो. नवीनमधी फिरणारं काईच नसते. आवाजच नाई येणार."

"आणि पदे?"

"थे आधी उतरवून घेतो ना! टेन्शन नका घेऊ."

सोमवारी त्याने मशीन घरी आणून दिले. पदे नव्या डिस्कवर उतरली होती. त्याने स्वतः एकेक फाइल उघडून पाहिली होती. उतरवणे संपले आणि जुनी डिस्क जी थांबली ती कायमची. बॅटरी फुगली होती म्हणून त्याने तीही काढून नेली. "वायर लावूनच चालवजा," असे बजावून तो गेला.

दोन वाजता देवकाबाईंनी बटन दाबले. पडदा काळा झाला. वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी ओळ आली. त्यांनी चष्मा सावरून ती वाचली. सुरू होण्याजोगी डिस्क सापडत नाही, असा तिचा अर्थ होता. त्यांनी बंद केले, पुन्हा सुरू केले. पुन्हा तीच ओळ. तिसऱ्यांदाही तीच.

पण तिसऱ्या वेळी त्या ओळीखाली, पडद्याच्या डाव्या कडेला, एक अक्षर होते.

ग.

आणि देवकाबाई पाहत असतानाच त्याच्या शेजारी दुसरे उमटू लागले. ते एकदम आले नाही. आधी आकडी आली. मग जरा थांबून काना आला. मग, विसरलेले आठवावे तशी, वरची रेघ.

२

"दाखवा बरं," भूपेंद्र म्हणाला. मंगळवारी सकाळी दहालाच तो स्कूटरवरून आला होता, तरी डोक्याचा रुमाल घामाने निथळत होता.

देवकाबाईंनी बटन दाबले. काळा पडदा, इंग्रजी ओळ. खाली काही नव्हते.

"काल होते. ग होते. ओळभर."

भूपेंद्र हसला. "बाई, या ठिकाणी मशीनले मराठी येतच नाई. त्याले इंग्रजी येते, अन् थेही तोडकंमोडकं. मराठी यायला आधी मशीन सुरू तर व्हाव लागते ना."

"मला अक्षर ओळखता येत नाही, असे म्हणायचे आहे का तुला?"

"नाई वो बाई! तुमीच तं शिकवलं मले. माह्या भ ची गाठ उलटी याची म्हणून तुमी मले चार दिवस फळ्याजवळ उभं केलतं, आठवते?"

त्या हसल्या, आणि हसल्याने त्यांना पुष्कळ बरे वाटले. भूपेंद्रने मशीन पालथे घातले, नऊ स्क्रू काढून एका वाटीत ठेवले, आणि नवी डिस्क उचलून दाखवली. पत्त्याच्या पानाएवढी, हलकी, बंद. त्याने ती काढून पुन्हा नीट बसवली. सुरू झाले नाही. त्याने आतल्या सेटिंगचे निळे पान उघडले. तिथे डिस्कचे नाव दिसत होते. एक सेटिंग बदलून त्याने पुन्हा सुरू केले. तीच ओळ. निळे पान पुन्हा उघडले, तर बदललेली सेटिंग आपल्या मूळ जागी परतलेली.

"धरूनच नाई राह्यलं," तो पुटपुटला. "डिस्क दिसते, पण तिच्यावरून सुरू व्हायले तयार नाई. जसं काई आत कोणी बसलं आहे, अन् दाराले कडी लावली आहे."

मग स्वतःच्याच बोलण्याने चपापून त्याने पाणी मागितले.

"देऊन द्या, दुकानात नेतो. सगळ्या फायली काढून देतो तुमाले."

"नको," देवकाबाई म्हणाल्या. नकार इतक्या तातडीने आला की भूपेंद्रने तांब्या तोंडापासून दूर केला. "म्हणजे, घरातच राहू दे. पदांचे मशीन आहे ते. तू पुन्हा ये."

"शुक्रवारी येतो मग. त्याच्या आधी लग्नाची धावपळ आहे घरी."

तो गेल्यावर त्या बराच वेळ उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मशीन दुकानात गेले असते, भूपेंद्रने पदे वाचली असती, तर काय बिघडले असते? त्याला थोडेच काही कळणार होते? ते कळेल अशी एकच व्यक्ती होती. आणि तिला वाचता येत नव्हते.

३

आता हे सांगितलेच पाहिजे.

धुरपताची भाषा रांगडी होती. ती 'मले' म्हणे, 'तुह्या' म्हणे, 'का'ला 'काऊन' म्हणे. पहिल्या दिवशी देवकाबाईंची बोटे आपोआप 'मला' आणि 'तुझ्या' या शब्दांच्या कळांवर गेली. त्यात त्यांना काही वावगे वाटले नाही. मुलांच्या वह्या तपासताना आयुष्यभर हेच केले होते. सांगून झाले की धुरपता म्हणे, "वाचा बरं, बाई," आणि त्या वाचून दाखवत. वाचताना मात्र तिचेच शब्द वाचत. पडद्यावर 'मला' असे, ओठांवर 'मले' येई. धुरपता मान डोलवी.

इतके असते तर देवाने क्षमा केली असती. पण एका आषाढात धुरपताने लेकीचे पद सांगितले. तिची एकुलती लेक नवव्या वर्षी तापाने गेली होती. तीस वर्षे ते दुःख ती कुणाशी बोलली नव्हती. त्या दुपारी ती भिंतीला न टेकता ताठ बसली आणि म्हणाली:

लेक माही नेली । काऊन रे देवा ।
तुह्या घरी ठेवा । नव्हता का ॥
धुरपता म्हणे । जाब दे तू आधी ।
मग तुही गादी । पूजीन मी ॥

देवकाबाईंची बोटे कळांवर थांबली. देवाला जाब विचारायचा? पूजेची अट घालायची? संतांनीही देवाशी भांडण मांडले होते, हे त्यांना ठाऊक होते. पण ते संत. ही पायरीवर दूर्वा विकणारी बाई. लोक हिला काय म्हणतील, आणि हे छापणाऱ्या मला काय म्हणतील? त्यांनी क्षणभर विचार केला आणि लिहिले:

लेक माझी नेली । बरे केले देवा ।
तुझ्या घरी ठेवा । सुरक्षित ॥
धुरपता म्हणे । शरण मी आधी ।
तुझ्या पदी व्याधी । निरसली ॥

छंद कुठेही मोडला नाही. अक्षरे तेवढीच राहिली. लेक गेल्याचे बरे झाले, असे एका आईच्या तोंडी घालून त्याखाली तिच्या नावाची मुद्रा उमटवली.

"वाचा बरं, बाई."

त्यांनी वाचले. काऊन रे देवा. धुरपताच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळले. पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "बाई, मले अक्षरं शिकवता का? हे एक पद मले माह्या डोयानं पाहाव वाटते."

"आता या वयात काय करतेस अक्षरे? मी आहे ना वाचायला."

त्यानंतर तिने तीन वेळा विचारले. तिन्ही वेळा देवकाबाईंना काही ना काही काम निघाले.

४

मंगळवारी दुपारी दोनला त्यांनी बटन दाबायचे नाही असे ठरवले होते. पण खोलीत आल्या तेव्हा काळा पडदा आपोआप सुरू झालेला होता.

वैशाखातली दुपार. गावात माणूस म्हणून दिसत नव्हते. साऱ्या आळीत घराघरांतले कूलर घरघरत होते आणि त्या घरघरीने शांतता मोडण्याऐवजी अधिक दाट होत होती. इंग्रजी ओळीखाली आता दोन ओळी होत्या. एक ग ची, सुबक. दुसरी म ची.

ग, म, भ, न. पहिलीत अक्षरे याच क्रमाने येतात. नोकरीच्या चौतीस वर्षांत दर जूनमध्ये हाच क्रम त्यांनी फळ्यावर लिहिला होता.

आणि म चुकीचा होता. गाठ उजवीकडे, काना डावीकडे. सातही वेळा. मशीनमधले अक्षर ठशाचे असते, ते कधी असे चुकत नाही. चूक हाताची असते. देवकाबाईंचे मन हे सारे पटापट मांडत होते. आठवा म येऊ लागला. गाठ पुन्हा उजवीकडे चालली होती.

"गाठ डावीकडे," त्यांच्या तोंडून गेले.

अक्षर थांबले.

त्यांना काय केले ते उमगले नाही. चौतीस वर्षांच्या सवयीने शब्द आपोआप बाहेर आला होता, समोर मूल चुकताना दिसले म्हणून. अर्धवट गाठ हळूहळू पुसली गेली. मग डावीकडे, जपून, नवी गाठ वळू लागली. काना उजवीकडे उतरला. वर रेघ आली.

म.

मग आणखी एक. मग आणखी एक, आता जरा वेगाने.

तेवढ्यात वीज गेली. पंखा गरगरत थांबला, आळीतले कूलर एकापाठोपाठ एक मुके झाले. भिंतीवरचा दिवा विझला. थोडी वीज तारेत शिल्लक राहत असेल, देवकाबाईंनी स्वतःला समजावले; बॅटरीत थोडी असते. मग त्यांना आठवले की बॅटरी भूपेंद्रने नेली आहे.

पडदा तसाच उजळ होता. त्यावर भ येऊ लागला होता, आणि त्याची गाठ अधांतरी थांबून राहिली होती, जणू कुणी विचारत होते.

देवकाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. काही बोलायचे नाही. या खोलीत आता एक अक्षरही उच्चारायचे नाही.

५

बुधवारी सकाळी तानबा आला. सत्तरी उलटलेला, कृश, डोक्याला पांढरे मुंडासे. ओसरीवर उकिडवा बसून त्याने काठी आडवी ठेवली.

"बाई, पुस्तक होऊन राह्यलं ना?"

"होते आहे. मशीनचे जरा..."

"होऊ द्या होऊ द्या. बुढीचं लय मन होतं त्याच्यात." त्याने तंबाखू मळायला घेतली. "मीनं तुमाले कधी सांगतलं नाई. शेवटच्या आठ दिसांत थे बोटानं चादरीवर काई काई गिरवत राहे. मी म्हणो, हे काय करून राह्यली वं? तं म्हणे, बाईच्या कळा पाहून पाहून चार अक्षरं डोक्यात धरली आहेत, थे इसरू नाई म्हणून. लेकीचं पद एकडाव स्वताच्या डोयानं वाचीन अन् मगच जाईन, म्हणे." तो हसला. "अन् वाचल्याबिगर चालली गेली पहा."

देवकाबाईंनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

"थे पद आहे ना पुस्तकात?"

"आहे."

"जसंच्या तसं?"

समोरच्या देवघरात सकाळचे निरांजन अजून तेवत होते. त्याकडे पाहत देवकाबाई म्हणाल्या, "जसेच्या तसे."

तानबाने समाधानाने मान हलवली. काठी टेकत उठला. फाटकापाशी वळून म्हणाला, "रोज दोन वाजले का मले वाटते, थे आता तुमच्याकडं निघाली असन. सवय हो. दुसरं काई नाई."

६

बुधवारी त्या खोलीत गेल्या नाहीत. गुरुवारी दुपारी त्यांनी खोलीला बाहेरून कडी लावली, देवघरात आसन मांडले, आणि हातात माळ घेतली. नाम घ्यावे आणि भीतीला जागाच उरू नये, हा त्यांचा जन्मभराचा उपाय होता. एक मणी, एक नाम. चित्त हळूहळू स्थिर होऊ लागले.

दोन वाजून गेले.

भिंतीपलीकडून आवाज आला. टक्.

कळेचा आवाज त्या चांगला ओळखत होत्या. चकती चिकटवलेली कळ दाबली की जरा बोदा आवाज येतो. मग लांबलचक विराम. कुणीतरी पुढचे अक्षर शोधत होते. टक्. पुन्हा विराम, आधीपेक्षा थोडा कमी.

देवकाबाईंनी नाम मोठ्याने घ्यायला सुरुवात केली. मणी सरकू लागले. पण त्यांच्या लक्षात आले की नाम त्या कळांच्या ठेक्यावर चालले आहे. कळ वाजेपर्यंत त्यांची जीभ थांबते आणि वाजली की पुढचे नाम निघते. त्यांनी वेग वाढवला. पलीकडचा वेगही वाढला. टक् टक्. टक्. टक् टक् टक्. आता तिकडे शोधणे उरले नव्हते.

अर्धा तास उलटला आणि एकाएकी कळा थांबल्या. त्यानंतर जे सुरू झाले ते त्याहून हलके होते. इतके हलके की ते कानांनी ऐकू येते की मनाने, हे त्यांना सांगता आले नसते. पहिलीचे मूल प्रथमच धडा वाचते तेव्हा आवाज काढत नाही, नुसते ओठ हलवते. पण शांत वर्गात ते ओठांचे चुटपुटणे ऐकू येते. तसे काहीतरी. थांबत, अडखळत, मागे जात, पुन्हा पुढे येत.

संध्याकाळी दिवेलागणीला त्यांनी कडी काढली. पडद्यावर चार ओळी होत्या. ग, म, भ, न. त्यांच्याखाली बाराखडी. आणि सगळ्यांत खाली एकच शब्द, पहिला उकार चुकून दीर्घ:

धूरपता

शेजारी, जणू कुणी चूक स्वतःच हेरली असावी, तोच शब्द पुन्हा. या वेळी बिनचूक.

देवकाबाई खाली बसल्या. तिला लिहिता येऊ लागले होते, याचे भय त्यांना वाटले नाही. जिला लिहिता येते तिला वाचताही येते. आणि या मशीनमध्ये तिच्या नावाची एकशे त्रेचाळीस पदे होती.

७

"अरे वा! झालं की!"

शुक्रवारी दुपारी साडेबाराला भूपेंद्रने बटन दाबले आणि मशीन क्षणात सुरू झाले. पडद्यावर अस्मिताने लावलेले हिरव्या डोंगराचे चित्र आले. पडद्यावर कालच्या ओळी नव्हत्या.

"तीच सेटिंग वो बाई, मंगळवारी दोनदा बदलली होती. आज एका झटक्यात धरली. मशीनची मर्जी." मग पदांची यादी उघडून तो पडद्याकडे वाकला. "यायले कोणी उघडलं?"

"कुणाला?"

"ह्या फायली. पाहा ना, प्रत्येकीपुढं शेवटी उघडल्याची वेळ येते. पद एक, काल दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटं. पद दोन, तीन वाजून दोन. पहिल्याले बावीस मिनिटं लागले. दुसऱ्याले पंधरा. मग दहा. मग चार..." त्याचे बोट यादीवरून खाली घसरत गेले. "शेवटी शेवटी तं मिनिटाले एक. पद साठपर्यंत आलं, अन् साडेपाचला थांबलं."

"काल मशीन चालू नव्हते, भूपेंद्र."

"थेच तं. घड्याळ चुकलं असन. नवीन डिस्क आहे, होते असं." पण त्याने यादी लगेच बंद केली. "छापखान्यात आजच पाठवून द्या, बाई. जास्त दिवस ठेवू नका. मी निघतो, घरी मांडव आहे."

लेकीचे पद एकसष्टावे होते.

स्कूटरचा आवाज विरेपर्यंत देवकाबाई उभ्या होत्या. मग त्यांनी घड्याळ पाहिले. सव्वा वाजला होता. पाऊण तास हातात होता, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काय करायचे ते त्यांना स्वच्छ दिसत होते. पद मूळचे करायचे. तिचे शब्द तिला परत द्यायचे. ती वाचायला येईल तेव्हा तिथे तेच असेल जे तिने सांगितले होते. लोक काय म्हणायचे ते म्हणोत.

त्यांनी पद एकसष्ट उघडले. लेक माझी नेली. 'माझी' खोडून 'माही' लिहायचे. कळेवर बोट ठेवले. अक्षर उठले नाही. पुन्हा दाबली. सगळ्या कळा दाबून पाहिल्या. कर्सर लुकलुकत जागच्या जागी. बंद करून पुन्हा सुरू केले तर डोंगराचे चित्र यायलाच युगे लागली. पुन्हा पद उघडले. कळा मुक्याच. घामाने त्यांच्या चकत्यांचा कागद ओला झाला, ग ची चकती सुटून बोटाला चिकटली. भूपेंद्रला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पलीकडे मांडवात वाजंत्री असेल.

ओसरीवरच्या घड्याळाने दोनचे ठोके दिले.

८

काहीच घडले नाही. खिडकीबाहेर उन्हाने आळी पांढरी पडली होती. देवकाबाई बसून राहिल्या, आणि मग त्यांनी पाहिले की पडद्यावरच्या धुळीत एक रेघ उमटते आहे.

पहिल्या शब्दाखाली ती सुरू झाली. 'लेक'. वाचायला शिकणारे मूल शब्दाखाली बोट धरते तशी, अक्षरामागून अक्षर. 'माझी'. तिथे रेघ अडली, मागे गेली, पुन्हा आली. 'नेली'. आणि मग ती 'बरे' या शब्दाखाली येऊन थांबली, आणि पुढे गेली नाही.

तेव्हा कुठे देवकाबाईंच्या लक्षात आले की ते बोट त्यांचेच आहे.

त्यांचा उजवा हात पडद्यावर होता. तो त्यांनी उचलला नव्हता. मनगटाभोवती काहीतरी होते, कोरडे, खरखरीत, उन्हात वाळलेल्या दूर्वांच्या जुडीसारखे. आणि ते घट्ट होते, पण दुखावणारे नव्हते. ही पकड त्यांना ठाऊक होती. पहिलीतल्या मुलाचे अक्षर वळत नाही तेव्हा बाई त्याच्या मागे उभ्या राहतात, त्याचा हात आपल्या हातात घेतात आणि त्याच्याकडून गिरवून घेतात. हजारो हात त्यांनी असे धरले होते. मागे वळून पाहायचे नाही, इतकेच त्यांना त्या क्षणी कळले. खांद्याच्या अगदी मागे, कानापाशी, कुणीतरी ओठ न उघडता वाचत होते.

हात खाली आला. कळांवर. या वेळी कळा चालल्या.

'माझी'चे 'माही' झाले, आणि 'बरे केले देवा' हे शब्द एकेक अक्षर करून पुसले गेले. मग त्यांचे बोट, धरलेले, सावकाश, चुकू नये अशा काळजीने, कळा शोधू लागले. का. ऊ. न.

"हो," देवकाबाई हुंदक्यातून म्हणाल्या. "हो, हेच होते. रे देवा. काऊन रे देवा. मी चुकले, धुरपता. सगळे तुझे तुला देते. लिही."

बोट र च्या कळेवर आले. तिथे थोडे थबकले. आणि तिला न शिवता पुढे सरकले.

पकड घट्ट झाली. कळा वाजल्या, एकामागून एक, आता कुठेही न अडखळता. ओळ पूर्ण झाली, आणि देवकाबाईंनी ती वाचली. वाचावीच लागली. दोन्ही चरणांत अक्षरे मोजून सहा-सहा होती, छंद कुठेही मोडला नव्हता.

लेक माही नेली । काऊन वो बाई ।

कर्सर ओळीच्या शेवटी लुकलुकत राहिला. कानापाशी चाललेले वाचणे थांबले होते. मनगट सुटले नाही.